मरीयेला तो माळी वाटला

मी माळी. जातीनं नव्हे, कामानं. हे दोन्ही मला जन्मभर एका दमात सांगावं लागलं, कारण आमच्या राहात्याच्या बाजूला नुसतं "मी माळी" म्हटलं की माणूस लगेच विचारतो, कुठले तुम्ही, पाहुणे कुठं कुठं आहेत. मग त्याला सांगायचं, बाबा, आम्ही ख्रिस्ती, मी वसतिगृहात माळीकाम करतो. तीसेक वर्षं मी एका ख्रिस्ती वसतिगृहाच्या आवारात गुलाब, मेंदीचं कुंपण आणि पेरूची झाडं सांभाळली. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. तरी शिकलेल्या माणसांनी मला दरसाल चर्चमधल्या लहान मुलांना ईस्टरची गोष्ट सांगायला बसवलं, आणि नोकरी सुटल्यावरही ते काम माझ्याकडेच राहिलं. यंदा ते काढून घेतलं. कशावरून, तर "माळी" या शब्दावरून. मी हे रागानं लिहितोय आणि राग झाकणार नाही.

आधी गोष्ट सांगतो, म्हणजे ज्यांना ती ठाऊक नाही त्यांना भांडण कळेल. प्रभू येशूला शुक्रवारी क्रुसावर मारलं आणि जवळच्या एका बागेत, कबरेत ठेवलं. रविवारी पहाटे मरीया नावाची बाई तिथं गेली, तर कबर रिकामी. ती रडत उभी राहिली. मागं कोणीतरी येऊन तिच्याशी बोललं. तिला वाटलं, हा इथला माळी असेल. ती त्याला म्हणाली, तूच उचलून नेलं असशील तर कुठं ठेवलंस ते सांग, मी घेऊन जाते. मग त्यानं तिला नावानं हाक मारली, आणि तिनं ओळखलं. मेलेला प्रभू जिवंत उभा होता. हाक येईपर्यंत मात्र तो तिला माळीच वाटत होता.

मी ही गोष्ट पहिल्यांदा कान देऊन ऐकली तेव्हा विशीत होतो आणि चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. आदल्या दिवशी पेरूंची आळी खणली होती. नखांतली माती साबणानं निघाली नव्हती, म्हणून दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. वसतिगृहात येणाराजाणारा मला "ए माळी, ऑफिस कुठंय?" एवढंच विचारायचा. मला नाव आहे हे तिथल्या साहेबांच्या पाहुण्यांना कधी ठाऊकच झालं नाही. आणि इथं उपदेशक सांगत होते की प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा पहिल्या माणसाला तो माझ्यासारखा दिसला. पाटलासारखा नाही, मामलेदारासारखा नाही, उपदेशकासारखाही नाही. मी हात मांडीखालून बाहेर काढले आणि गुडघ्यावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

म्हणून मी मुलांना गोष्ट सांगायला लागलो तेव्हा खरं फावडं घेऊन जायचो. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडायचा, दोन्ही हातांना चिखल फासायचा. "असे हात व्हते बरं का त्याचे, म्हनून तिला माळी वाटला," असं म्हणून हात पुढं करायचो. मुलं पुढं सरकायची, चिखलाला बोट लावून बघायची. आज ज्यांची मुलं संडे स्कूलला येतात त्यांनीही लहानपणी माझ्या हाताला बोटं लावलेली आहेत.

यंदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मी मुलांना गोष्ट सांगितली. ईस्टरला पुन्हा सांगायचीच होती, पण आधी एकदा ऐकलेली असली की मुलं मधेमधे बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्यातलं एक पोरगं झेडपीच्या शाळेत गेलं आणि शेजारी बसणाऱ्या माळ्याच्या मुलाला म्हणालं, "आमचा देव तुमच्यातला हाय." त्या मुलानं ते घरी सांगितलं. संध्याकाळी त्याचा आजा माझ्या ओट्यावर येऊन बसला. आम्ही बरोबरीचे. त्याच्या पेरूच्या बागेत छाटणीला मीच जातो.

"काय रं," तो म्हणाला, "तुमचा देव आमच्यातला निघाला म्हनं?"

"निघाला."

"मंग इतकी वर्सं लपवून का ठिवला? सोयरीक तरी झाली असती. तुझी नात हाय, माझा नातू हाय. उरकून टाकू."

"तुझा नातू शेंबडा हाय."

"आन तुझी नात लई साळसूद! काल माझ्या बांधावरच्या कैऱ्या पाडून पळाली ती कोन व्हती?"

दोघं हसलो, चहा प्यालो, तो गेला. माळ्याला काही वाटलं नाही, मला काही वाटलं नाही. ज्याला वाटलं तो आमच्या चर्चचा सेक्रेटरी. त्याचा यात काडीचा संबंध नव्हता. स्टँडवरच्या हॉटेलात त्यानं ही मजा ऐकली. बुधवारी त्यानं पंचांची बैठक बोलावली आणि मला निरोप धाडला.

बैठकीला पाच पंच, पाळकसाहेब, सेक्रेटरी आणि सेक्रेटरीची सून. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वी आले, स्वभावानं वाईट नाहीत. सून राहात्याला इंग्रजी शाळेत शिकवते आणि आमची संडे स्कूल आता तीच बघते. तिला सगळे बाई म्हणतात, मीही म्हणतो.

"बाबा," सेक्रेटरी म्हणाला, "दिवस कसे हायेत ते बघा. कोन मोबाईलवर काय टाकील, सांगता येतं का? हे जातींची नावं घेऊन पोरांना शिकवितात म्हनतील. नसती भानगड."

"मी जात घेतली न्हाई. काम घेतलं."

"पोरांना त्यातलं काय कळतंय?"

"न्हाई कळत तर कळवायचं. त्यालाच शिकवनं म्हनत्यात."

त्यावर एक पंच म्हणाला, माळी नको, बागवान म्हणा. सगळ्यांना ते एकदम पटलं. सेक्रेटरीनं तर कागदावर लिहूनही घेतलं. मी म्हणालो, "बागवान म्हंजे आपल्याकडं कोन? पेरूची बाग घ्यायला टेम्पो घिऊन येतो, तो मुसलमान. उद्या पोरगं जाऊन त्याला सांगंल, आमचा देव तुमच्यातला हाय. ते चालंल का तुमाला?" पंच पाणी प्यायला उठला. सेक्रेटरीनं लिहिलेलं खोडलं.

दुसरा म्हणाला, बागकामगार. मी विचारलं, प्रभूला मोर्चाला न्यायचंय का. बाई म्हणाल्या, "आजोबा, सरळ गार्डनर म्हणूया ना. मुलांना समजतं." मी म्हणालो, आमच्या पोरांना गार्डन म्हंजे शिर्डी रोडचा ढाबा वाटतो. शेवटी पाळकसाहेबांनी सुचवलं, "बागेची देखरेख करणारा मनुष्य असं म्हटलं तर?"

"साहेब, ती बाई रडत व्हती. रडनारी बाई येवढं लांब बोलती का?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सेक्रेटरीनं फाईल मिटली आणि म्हणाला, "असं करू, या वर्षी गोष्ट बाईच सांगतील. बाबांनी लई वर्सं केलं, आता आराम करावा." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. अहो, मी आराम मागितला होता का? कोणाकडे? मी अजून शिडीवर चढून फांद्या छाटतो. मला सरळ सांगा की तुमचा शब्द आम्हाला नको, मी भांडेन. पण आराम करा म्हणायचं म्हणजे माणसाला जिवंतपणी खाटेवर टाकायचं.

बाईंनी मला बरं वाटावं म्हणून कार्यक्रम कसा होणार ते मोबाईलवर दाखवलं. एक गुलाबी ससा, त्याच्या पुढ्यात टोपली, टोपलीत रंगीत अंडी.

"ससा अंडी घालतो व्हय, बाई?"

"नाही हो आजोबा. ते प्रतीक आहे. नवीन जीवनाचं."

"आन ही अंडी कच्ची का उकडल्याली?"

"उकडलेली. रंगवायला सोपी जातात."

"उकडल्याल्या अंड्यातनं काय उटनार हाय? त्याच्याकडं तर कोंबडीबी वळून बघत न्हाई."

एवढं बोलून मी उठलो आणि घरी आलो.

पुढचे तीन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये गेलो, तीन तास बसलो, आणि पाळकसाहेबांना हात न जोडता घरी आलो. बायको दोन दिवस बघत होती. शनिवारी कांदा निवडता निवडता ती म्हणाली, "अवो, रुसल्याल्या जावयावानी काय बसलाय? कोनी मनवायला येनार न्हाई."

"मला कोनी मनवू नये."

"तुमी गोष्टीपायी चिडलाय का फावडं मिरवायला मिळनार न्हाई म्हनून?"

हिशेबानं ती माझ्या बाजूची असायला हवी होती.

ईस्टरच्या दिवशी पहाटेची उपासना झाली. मुलांचा कार्यक्रम नऊ वाजता होता. जाणार नाही म्हणत म्हणत मी गेलो, आणि शेवटच्या बाकावर बसलो. पुढं सतरंजीवर तीसभर मुलं, त्यात आमच्या धाकट्याची मुलगी, तीच कैऱ्यांवाली, सहा वर्षांची. भिंतीवर ससा चिकटवलेला. टेबलावर दोन ट्रे अंडी, निळी, तांबडी, पिवळी. मुलांचे डोळे सगळे ट्रेवर.

खरं ते सांगतो, बाईंनी गोष्ट वाईट सांगितली नाही. आवाज चांगला, ओरडणं नाही, तक्त्यावर चित्रं नीट काढलेली. कबरेपाशी येईपर्यंत मला काही खोट काढता आली नाही. पण मग त्या म्हणाल्या, "मरीयेने मागे वळून प्रभूला पाहिलं आणि तिला खूप खूप आनंद झाला!" आणि पुढचं चित्र लावायला वळल्या.

माझी नात उभी राहिली. "बाई, तुमी मदलं सोडलं. आदी तिला वळकू आलं न्हाई."

"हो बाळा, थोडा वेळ तिला वाटलं की ते दुसरे कोणीतरी आहेत."

"दुसरं कोन?"

सतरंजीवरचं दुसरं पोरगं ओरडलं, "माळी!" की लागली सगळी पोरं एका सुरात, "माळी! माळी!" सेक्रेटरी उठून खिडक्या लावायला लागला. चैत्राच्या उन्हात खिडक्या लावत होता तो माणूस.

बाईंनी हात वर करून मुलांना शांत केलं. "बरं, बरं. तिला तसं वाटलं, कारण ती रडत होती. डोळ्यांत पाणी असलं की नीट दिसत नाही."

"न्हाई," नात म्हणाली. "हाताला चिखल व्हता म्हनून."

बाईंनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब उभे राहिले, हातातलं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाळांनो, चिखलाचं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही हं."

तेव्हा मी उभा राहिलो. इतका वेळ दाबून धरलं होतं. "साहेब, ससा कुठल्या पानावर लिहिलाय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाळकसाहेबांचे कान लाल झाले. पण माणूस पळपुटा नाही. "आजोबा, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ससा कुठंच नाही. पण चिखलही नाही. फावडंही नाही."

"मंग हात कसे व्हते, ते तरी लिवलंय का न्हाई?"

त्यांनी पान उलटलं. वाचून दाखवलं नाही, आपल्या शब्दांत सांगितलं. "त्याच संध्याकाळी त्यानं शिष्यांना आपले हात दाखवले. हातांना खिळ्यांच्या जखमा होत्या."

आता यात मला ठाऊक नसलेलं काय होतं? काही नाही. दर उत्तम शुक्रवारी मी ते खिळे ऐकत आलोय, दोन दिवसांपूर्वीच ऐकले होते. पण शुक्रवारचे ते हात मी रविवारच्या त्या माणसाला कधी लावून बघितलेच नव्हते. माझ्या मनात शुक्रवार संपला की संपला. रविवारचा प्रभू ताजा, कामाला निघालेला, फावडं खांद्यावर. चिखल मी माझ्या हातावरचा नेऊन त्याच्या हाताला लावला होता, आणि तो लावला तेव्हा खालचं सगळं बुजून गेलं होतं.

मला खाली बसायचं होतं. पण बसलो असतो तर सेक्रेटरीला वाटलं असतं की मी हरलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आजोबा, या ना पुढं. तुम्हीच सांगा." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, टोमणा आहे का म्हणून. नव्हता.

मी पुढं गेलो. नात म्हणाली, "फावडं कुठंय?"

"घरी."

सतरंजीच्या कडेला बसलो, कारण उभं राहून सांगण्याचं हे काम नाही. आणि पहिल्याच वाक्यात तो शब्द घेतला. "मरीयेला तो माळी वाटला. माळी म्हंजे बागंत काम करनारा. मीबी त्योच हाय. ही जात न्हवं. उद्या शाळंत जाऊन नीट सांगा." मागून खिडकीची कडी वाजली. वाजू दे म्हटलं.

मग पुढचं सांगायचं होतं. ते तोंडातून निघायला वेळ लागला. "आन चिखलाचं मी मदी घातलं व्हतं. ते लिवल्यालं न्हाई."

"खोटं सांगितलं?" एका पोरानं विचारलं.

"व्हय."

मागच्या बाकांवर त्यांचे आईबाप बसले होते. त्यांनाही मी तेच सांगितलेलं. कोणाच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

"मंग हात धुतल्याले व्हते?"

"न्हाई. हातांना भोकं व्हती. खिळ्यांची."

ट्रेकडे बघणारी मुलंसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. आणि मला त्याही वेळी संताप आला होता, पण नेमका कोणावर ते मला कळेना. सशावर होता, खिडक्या लावणाऱ्यावर होता. पण बाईंवर धरावा तर धरता येईना. त्यांनी मुलांच्या हातात रंगीत अंडं ठेवलं होतं, मी चिखल ठेवला होता. दोन्ही मुलांना आवडलं होतं. हे लिहायला मला आवडत नाही, पण मी बाईंना उकडलेल्या अंड्यावरून बोललो होतो ते चारचौघांत, म्हणून हेही चारचौघांत लिहितो.

नात सरकून माझ्या गुडघ्यापाशी आली. "उटल्यावरबी भोकं ऱ्हायली?"

"ऱ्हायली."

"देवानं बुजवली का न्हाई?"

"मला ठावं न्हाई."

"दुखत आसंल?"

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते शास्त्रात बोट घालून उभे होते. "ते लिवल्यालं न्हाई," मी म्हणालो. "आन जे लिवल्यालं न्हाई ते मी आता सांगनार न्हाई."

"पन तुमाला काय वाटतं?"

ही आमच्या घरातली पोरगी. धरलं की सोडत नाही.

"मला वाटतं, दुखत आसंल," मी म्हणालो. "तरी त्यानं तिला पैलं काय इचारलं ठावं हाय का? बाई, का रडतीस? हे लिवल्यालं हाय. साहेबांना इचार."

पाळकसाहेबांनी मान हलवली. नात जागेवर जाऊन बसली. बाईंनी प्रार्थना घेतली आणि मुलं अंडी घ्यायला रांगेत उभी राहिली.

मी चपला घालत होतो तेव्हा सेक्रेटरी दारात आला. घाम आलेला, खिडक्यांमुळे. हळूच म्हणाला, "बाबा, तो शब्द तुमी घेतलाच. आता फुडल्या बैठकीत हा विषय घ्यावा लागंल."

"घ्या," मी म्हणालो. "चिखल माझा व्हता, तो मी सोडला. माळी म्हननारी मरीया हाय. तिचा शब्द सोडायला मी कोन? आन तुमी तरी कोन?"